मॉनिटर कुठं ठेवायचा?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मॉनिटर हा शब्द आमच्या पिढीला शाळेत भेटला. गुरुजी वर्गाबाहेर गेले की तो खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहायचा आणि बोलणाऱ्या पोरांची नावं लिहायचा. लक्ष ठेवणं हे त्याचं काम. कान आणि डोळे दोन्ही उघडे ठेवून. हाच शब्द ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात गेला तेव्हा त्यातला कान तेवढा उरला. स्टुडिओत मॉनिटर म्हणजे स्पीकर. तोही घरातल्यासारखा नव्हे, तर गाणं गोड करून न सांगणारा, जे आहे ते तोंडावर सांगणारा. पुढं कॉम्प्युटर आला आणि त्याच्या पडद्यालाही लोक मॉनिटरच म्हणू लागले. आता एकाच टेबलावर, एकाच माणसासमोर, एकाच नावाचे दोन जण जागा मागत असतात. एक कानासाठी, एक डोळ्यांसाठी. त्यातही पडदे दोन-दोन, तीन-तीन झालेत.

ऐकणाऱ्याला वाटेल, हा काय इतिहासाचा विषय झाला? टेबल मांडायचा प्रश्न आहे, सुताराला विचारा. पण गाणं टिपताना मधली जागा कानाला द्यायची की डोळ्यांना, हे भांडण कॉम्प्युटरनं लावलेलं नाही. ते तबकडीच्याही आधीचं आहे.

फ्रान्समध्ये एदुआर-लेऑन स्कॉट नावाचा एक गृहस्थ होता. त्यानं १८५७ साली एका यंत्राचं पेटंट घेतलं. कर्ण्यासमोर बोलायचं, कर्ण्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेला बारीक केस, आणि केसाखाली काजळी धरलेला कागद. आवाज झाला की काजळीत नागमोडी रेघ उमटे. हे यंत्र आवाज लिहायचं. परत ऐकवणं त्याच्या मालकाच्या डोक्यातच नव्हतं. लोकांनी आवाज बघावा, अक्षरासारखा वाचावा, एवढीच त्याची इच्छा. १८६० साली त्यानं एका फ्रेंच गाण्याची ओळ अशी कागदावर उतरवली. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. म्हणजे माणसानं आवाज आधी पाहिला आणि वीस वर्षांनी पुन्हा ऐकला. स्कॉटचा तो काजळीचा कागद अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ साली कॉम्प्युटरच्या मदतीनं वाजवून दाखवला. १४८ वर्षं ते गाणं नुसतं दिसत होतं.

एडिसननंतर मात्र कानाचं राज्य आलं, आणि फार कडक आलं. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करत होता. गौहरजान गायल्या त्या याच मोहिमेत. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, वीज नव्हती. भिंतीतून किंवा पडद्यातून पुढं आलेला एक कर्णा, त्यात तोंड घालून गायचं. कोण कुठं बसणार हे आवाज ठरवायचा. मोठ्या आवाजाचं वाद्य मागं, नाजूक पुढं. तान जोरात आली की गाणाऱ्याला मागं सरकवायचं, खालचा सूर आला की पुढं ढकलायचं. मान-मरातब, वय, घराणं, काही चालत नव्हतं. गाणं संपलं की गौहरजान इंग्रजीतून आपलं नाव सांगत. त्यामागं मिजास नव्हती. मेणावर टिपलेलं ते गाणं तबकड्या काढायला जर्मनीत हॅनोव्हरला जायचं, आणि तिथल्या कारागिराला कुणाचं गाणं कोणतं ते कळावं म्हणून ती खूण. तबकडीवर दिसणारी रेघ त्याला वाचता येत नव्हती. नाव ऐकूनच कळायचं.

१९२५ पासून विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं, मायक्रोफोन आला. गाणाऱ्याची मान सुटली. आणि मग डोळा हळूच परत आला. आधी काचेच्या रूपानं. गाणारा या बाजूला, यंत्रवाला त्या बाजूला, मध्ये जाड काच. रेडिओवर कविता वाचायला जाणाऱ्या माझ्यासारख्याला ती काच चांगली ओळखीची आहे. लाल दिवा लागतो, पलीकडचा माणूस बोट वर करतो, आपण सुरू. वेळ संपत आली की तोच माणूस हातानं हवेत गोल काढतो. आवाज तारेनं जातो, पण भरवसा डोळ्यांनी मिळतो. १९३९ च्या सुमारास अमेरिकेतल्या नभोवाणी कंपन्यांनी आवाजाची पातळी दाखवणारा काट्याचा मीटर ठरवून घेतला. डावीकडून उजवीकडं झुलणारा तो काटा पुढं जगभरच्या स्टुडिओंत गेला. तांबड्या पट्ट्यात गेला की आवाज फाटतो. काच, काटा आणि स्पीकर अशी ही मांडणी तीस-चाळीस वर्षं तरी टिकली. तिच्यात डोळ्याला काम होतं, पण ते राखणदाराचं. मालक कान.

महाराष्ट्रात मात्र आवाज डोळ्यानं मोजायची हौस जुनी. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी बावीस श्रुतींचा हिशोब मांडायचा ध्यास घेतला, १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. त्यांच्या प्रयोगांत गळा होता खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा. खाँसाहेब गाणार आणि देवल तारेच्या लांबीवरून सूर मोजणार. त्यातूनच श्रुतींची हार्मोनियम करण्याचे प्रयत्न झाले. तंट्याचा विषय होता तो, आजही आहे. पण महसूल खात्यात हयात काढलेला मराठी माणूस सुराची मोजणी शेताच्या मोजणीसारखी करायला बसतो, आणि मिरजेचे खाँसाहेब त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा तोच गंधार लावून दाखवतात, हे चित्र मला फार आवडतं.

मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए, म्हणजे राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र आहे. तिथं १९८० च्या दशकात हाच प्रयोग कॉम्प्युटरवर झाला. बर्नार्ड बेल हे फ्रेंच संशोधक आणि त्यांचे सहकारी जिम आर्नल्ड यांनी गाण्यातला सूर क्षणाक्षणाला टिपून त्याची रेघ काढणारं यंत्र तयार केलं. तबल्याचे बोल कॉम्प्युटरला शिकवण्याचं बेल यांचं कामही त्याच दशकातलं. पुढं याच केंद्रात सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मेर यांनी ख्यालाच्या ध्वनिमुद्रणासोबत पडद्यावर सरकत जाणारी स्वररेषा तयार केली. गाणं ऐकता ऐकता मींड कुठून निघाली आणि कुठं टेकली हे दिसतं. या रेघांनी एक गोष्ट उघड केली. आपण ज्याला 'सा' किंवा 'ग' म्हणतो तो गाण्यात क्वचितच खिळ्यासारखा ठोकलेला असतो. तो हलतो, शेजाऱ्याकडं डोकावतो, परत येतो.

आता या बर्नार्ड बेलांना मी आमच्या बीड जिल्ह्यात आणतो, कारण ते काम इथवर आलं.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून बायांच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. बेल या कामात आले ते ध्वनिमुद्रण आणि संगणकावरची नोंद घेऊन. शंभरावर तासांचं गाणं टिपलं गेलं. त्यात १९९६ साली आमच्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बाया आहेत : राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार, रंगूबाई पोटभरे. बाबासाहेबांवर, बुद्धावर त्यांनी गायलेल्या ओव्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर आता कुणालाही ऐकता येतात. ऐका जरूर. त्यात मागं जगाचा आवाज आहे. तोही गाण्याचाच भाग वाटतो.

मला यातली गंमत अशी वाटते. मुंबईत सुराची रेघ पडद्यावर काढून पाहिलेल्या माणसाचं हे काम. पण गावातल्या त्या बायांसमोर पडदा नव्हता. समोर मायक्रोफोन आणि माणसं. बायांनी माणसांकडं बघून गायलं. रेघ काढायची तर मागाहून, पुण्या-मुंबईत. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

त्याच दहा-बारा वर्षांत जगातल्या स्टुडिओचं टेबल बदलत होतं. १९८५ च्या अटारी एसटी या स्वस्त कॉम्प्युटरला वाद्य थेट जोडता येत होतं. १९८९ मध्ये त्यावर क्यूबेस आलं, १९९१ मध्ये मॅकिंटॉशवर प्रो टूल्स. गाणं आता फितीवर नव्हे, पडद्यावर पसरलं. डावीकडून उजवीकडं, एकाखाली एक पट्ट्या, प्रत्येक पट्टीत आवाजाची नागमोड. स्कॉटचा काजळीचा कागदच तो, फक्त आता वाजत होता. इकडं चेन्नईत ए. आर. रहमान यांनी घरालगतच्या स्टुडिओत 'रोजा'चं संगीत केलं ते १९९२ चं. घरातल्या खोलीतून अख्ख्या देशाचं गाणं निघू शकतं हे तेव्हा छोट्या गावांतल्या पोरांनाही कळलं.

दुसरा पडदा आला तो गरजेतून. एका खिडकीत गाण्याच्या पट्ट्या, दुसरीत मिक्सरच्या दांड्या. एका काचेत दोन्ही मावेनात. महागड्या मॅकिंटॉशवर ही सोय १९८७ पासून होती, साध्या पीसीवर विंडोज ९८ नं दिली. पण तेव्हाचे मॉनिटर म्हणजे धान्याच्या कोठ्या! हातभर खोल, उचलायला दोघं लागत. त्यांच्याजवळ स्पीकर ठेवला की आतल्या चुंबकानं पडद्याचे कोपरे हिरवे-जांभळे होत. गिटार घेऊन त्यांच्यासमोर बसलं की तारांत गुणगुण शिरे. एक प्रकारे ते यंत्रच सांगत होतं, आम्हा दोघा मॉनिटरांना एकत्र नांदवू नका. चपटे पडदे आल्यावर हा अडथळा गेला आणि लोकांनी पडदे हवे तिथं, हवे तेवढे लावले.

माझ्या भाच्याचा असाच एक घरगुती स्टुडिओ माजलगावात आहे. दहा बाय बाराची खोली. भिंतींना आमच्या आपांनी शिवलेल्या जुन्या वाकळा ठोकल्यात. आवाज घुमत नाही आणि हिवाळ्यात ऊबही राहते. गिऱ्हाईक सर्व प्रकारचं. नात, कव्वाली, भीमगीतं, अभंग, लग्नाच्या पत्रिकेसोबत पाठवायचं गाणं, निवडणुकीत उमेदवाराचं. दसऱ्याच्या आधी गर्दी जास्त, कारण नंतर निम्मा जिल्हा ऊसतोडीला जातो आणि गाणारेही त्यात असतात. त्यानं दोन चोवीस इंची पडदे शेजारीशेजारी लावले होते आणि स्पीकर त्यांच्या मागं, कोपऱ्यात सारलेले.

"मामू, एकावर गाणं दिसतं, दुसऱ्यावर मिक्सर," तो कौतुकानं म्हणाला.

"आणि गाणारा कुठं दिसतो?"

"तो? तो पाठीमागं उभा राहतो ना."

पुढं तो स्वतःच वाचून, इतरांना विचारून बरंच शिकला, आणि मलाही त्यानंच शिकवलं. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं यांचा तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण व्हायला हवा. स्पीकरचं तोंड कानाच्या उंचीवर हवं. पडदा त्या दोघांच्या मध्ये चालतो, पण स्पीकरच्या तोंडाच्या रेषेपुढं आला की काचेवर आवाज आपटतो आणि डावं-उजवं गढूळ होतं. म्हणून पडदा थोडा मागं आणि शक्य तेवढा खाली. सारख्या मापाचे दोन पडदे शेजारी ठेवले की त्यांची शिवण बरोबर नाकासमोर येते. मग माणूस नकळत एका पडद्याकडं तोंड करून बसतो, एक कान पुढं जातो, आणि गाण्यातला तबला उजवीकडं सरकला असं वाटून तो डावीकडं ढकलतो. तबला मात्र जागेवरच असतो. मान वळलेली असते.

यावर लोक वेगवेगळे तोडगे काढतात. कुणी एक मोठा पडदा मध्ये आणि दुसरा लहान त्याच्या खाली, टेबलावर कलता ठेवतो. कुणी एकच लांबट घेतो. लांबट पडद्यावर पाच मिनिटांचं गाणं एका नजरेत उलगडलेलं पाहिलं तेव्हा मला अंबाजोगाईची पासोडी आठवली. दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकात सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर 'पंचीकरण' लिहून काढलं. ओव्या, चित्रं, कोष्टकं, सगळं एकाच पटावर. ते वाचायचं तर माणसालाच चालावं लागतं. भाच्याच्या पडद्यावर माणूस बसलेला असतो आणि गाणं चालतं. पण अख्खा विषय एका कापडावर डोळ्यांपुढं हवा ही हाव आमच्या जिल्ह्यात चारशे वर्षांची आहे, हे मी त्याला मुद्दाम सांगितलं.

भाच्यानं शेवटी असं केलं : मोठा पडदा मध्ये, खाली, स्पीकर भिंतीपासून सोडवून पुढं, आणि टेबलच फिरवून दाराकडं तोंड केलं, म्हणजे पडद्याच्या वरून उभा गाणारा दिसावा. दुसरा पडदा एका लोखंडी हातावर बसवला, बाजूला, हवा तेव्हा ओढता येईल असा. सीपीयू खिडकीबाहेरच्या कपाटात, पंख्याची घरघर नको म्हणून. वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी हा दुसरा पडदाच बंद होतो. त्याच्यावाचून अडत नाही हे लोडशेडिंगनंच शिकवलं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मला कुणी विचारलं होतं. त्याचं उत्तर सुराच्या त्या रेघेत आहे. १९९७ साली ऑटो-ट्यून आलं. ते काढणारे अँडी हिल्डब्रँड आधी तेल शोधणाऱ्या कंपन्यांसाठी जमिनीखालून परत येणाऱ्या आवाजाच्या लाटा वाचायचे काम करत. तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं. पडद्यावर आडव्या रेषांची जाळी दिसते, प्रत्येक रेषा एक स्वर, आणि गाणाऱ्याची रेघ त्या जाळीवरून नागासारखी जाते. रेषेवर नसलेलं सगळं बेसूर दिसतं. 'दिसतं' हा शब्द मी जपून वापरतोय. एक बटण दाबलं की रेघ सरळ होते. रेघ हलते ती कधी गळा कच्चा म्हणून, कधी गळा पक्का म्हणून. यातला फरक पडद्यावर कळत नाही. एनसीपीएतल्या संशोधकांनी जी रेघ समजून घेण्यासाठी काढली, तशीच रेघ इथं पुसण्यासाठी काढली जाते. नात म्हणणारा एखादा पोरगा निषादावर जरा खाली रेंगाळतो, त्याच्या आज्यापासून चालत आलेलं ते रेंगाळणं असतं. माणूस समोर दिसत असला, कान दोन्ही स्पीकरच्या मध्ये असले, तर हात बटणापाशी थांबतो. पाठीमागं उभा असला तर थांबायला कारण नसतं. आमच्या भागातल्या किती गळ्यांची रेघ अशी सरळ झाली असेल याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. मोबाइलवर पाच गावांची पाच गाणी एका पाठोपाठ लावावीत. सगळे एकाच मास्तरचे शागीर्द वाटतात.

ऑटो-ट्यून वाईट असं मी म्हणत नाही. दिवसभर कोयता चालवून आलेल्या पोराला एका तासाच्या भाड्यात गाणं पुरं करायचं असतं, दहा वेळा गाऊन घ्यायला त्याच्याकडं पैसे नसतात. तिथं ते बटण उपकारच करतं. भाचाही वापरतो. फक्त आधी डोळे मिटून एकदा ऐकतो, मग पडद्याकडं बघतो.

दुसऱ्या पडद्याचा त्याला एक नवा उपयोग सापडला. लोखंडी हात वळवून तो गाणाऱ्याकडं करायचा आणि त्यावर गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरांत लावायचे. कागदाची सळसळ टळते. कव्वालीवाल्यांना उर्दूत, भजनी मंडळाला देवनागरीत. लोक खूश.

गेल्या वर्षी पात्रुड रस्त्यावरच्या एका वस्तीवरून दोघी म्हाताऱ्या बहिणी आल्या. नातवाला त्यांच्या ओव्या जपून ठेवायच्या होत्या. त्यानं वहीत उतरवून आणल्या होत्या, भाच्यानं त्या टाइप करून पडद्यावर लावल्या. दोघींना वाचता येत नव्हतं, हे नातू सांगायचं विसरला असावा. त्या थोडा वेळ त्या उजेडाकडं बघत राहिल्या. मग थोरली म्हणाली, "बाबा, त्यो दिवा मालव. डोळ्यात येतोय."

भाच्यानं पडदा बंद केला आणि हात भिंतीकडं वळवून ठेवला. मग त्या एकमेकींकडं तोंड करून बसल्या, जात्याला बसतात तशा. धाकटीनं खुंटा धरल्यासारखी मूठ वळली. वहीत नऊ ओव्या होत्या. दुपारची वीज जायच्या आत एकतीस झाल्या.